कर्णबधिर सहकाऱ्याला शिफ्ट इन्चार्ज करायचं आहे, अनुभव सांगा

हिंगणा_रोड | ११ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघते. प्रेस शॉप, वेल्डिंग आणि शेवटी तपासणीची लाइन, मिळून सव्वाशे माणसं. त्यात चौघे दिव्यांग आहेत. दोघे कर्णबधिर, एकाला लहानपणी पोलिओ झालेला, एकाचा डावा हात कोपरापासून नाही.

पुढच्या महिन्यात तपासणी लाइनचा शिफ्ट इन्चार्ज निवृत्त होतो आहे. त्याच्या जागी कोण, हे मला सुचवायचं आहे आणि माझ्या मनात एकच नाव आहे. जन्मापासून ऐकू न येणारा, शंकरनगरच्या मूकबधिर शाळेत शिकलेला, नंतर आयटीआय केलेला हा माणूस नऊ वर्षं त्याच लाइनवर आहे. कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवून तो सांगतो की डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, घासली आहे, आणि डाय काढून पाहिली की ती घासलेलीच असते. गेल्या वर्षी ग्राहकाकडून माल परत आला तेव्हा आम्ही सगळे मशीनच्या मागे लागलो होतो. यानेच मला हाताला धरून स्टोअरमध्ये नेलं आणि नवीन आलेली पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, दाखवली. जाडी कमी होती.

मी नाव काढलं आणि मीटिंगमध्ये कुणी काही बोलेना. मग एकेक सुरू झालं. माणूस सोन्यासारखा आहे, पण इन्चार्जला लोकांना ओरडून सांगावं लागतं. फोन घ्यावे लागतात. ग्राहकाचा ऑडिटर आला तर त्याच्याशी बोलावं लागतं. आग लागली तर भोंगा ऐकू यायला हवा. पगार वाढवून देऊ, इन्चार्ज नको.

लोकमान्य नगरला मेट्रोत बसले आणि सीताबर्डी येईपर्यंत माझ्या डोक्यातून हे जाईना. त्याला कामावर घेतलं तेव्हा पेढे वाटले होते. दर ३ डिसेंबरला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतो. आणि नऊ वर्षांत एकदाही त्याच्या हाताखाली एक माणूस दिला नाही. त्यातली सात वर्षं त्याची साहेब मी आहे, तेव्हा हा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी दिव्यांग साहेबाच्या हाताखाली काम केलंय का? किंवा स्वतः दिव्यांग असून माणसं सांभाळता का? काय अडतं, काय अडत नाही, सगळं सांगा. मला वरच्या लोकांपुढे नुसत्या कळकळीने उभं राहायचं नाहीये.

इतवारीकर | ११ मे, रात्री १०:४१

ताई, त्या माणसाला विचारलं का?

हिंगणा_रोड | ११ मे, रात्री १०:५८

नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आलं की नाही विचारलं.

कळमेश्वर_युनिट | १२ मे, सकाळी ७:१५

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. माझं छोटं युनिट आहे, बत्तीस माणसं. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एका पोराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. त्याच्या आईले मेडिकलच्या वॉर्डात मी काय तोंड दाखवलं ते माझं मले माहीत. तेव्हापासून इन्चार्ज निवडताना मी एकच पाहतो, की हा माणूस दुसऱ्याचा जीव वाचवू शकतो की नाही. मागून फोर्कलिफ्ट येऊन राहिली, कोणी ओरडलं, अन् इन्चार्जलेच ऐकू नाही आलं तर? दिव्यांग माणूस कामावर ठेवायले माझी ना नाही, माझ्याकडे एक आहे. पण सगळ्यांच्या जिवाची जोखीम त्याच्या खांद्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे, असं मले मनापासून वाटते.

पांढरी_काठी | १२ मे, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी एका बँकेत अधिकारी आहे. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आजार. चोविसाव्या वर्षी नोकरीला लागलो तेव्हा दिसत होतं, तिसाव्या वर्षी वाचता येईना. त्यानंतरची पाच वर्षं मी एका टेबलाशी बसून काढली. टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. सकाळी हजेरी, दुपारी डबा, संध्याकाळी घर, आणि पगार वेळेवर. सहकारी चांगले होते. चहा हातात आणून द्यायचे, रस्ता ओलांडून द्यायचे. माझ्यासमोर फाइल मात्र कुणी ठेवली नाही. "सर, तुम्ही कशाला त्रास घेता" हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं आहे की आजही कुणी म्हटलं की पोटात कालवतं.

मग एक नवीन मुख्य व्यवस्थापक बदलून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मी म्हणालो, काही नाही. "काय करता येईल?" मी म्हणालो, वाचून दाखवणारा कॉम्प्युटर दिला तर कर्जाचे प्रस्ताव तपासता येतील. त्यांना स्क्रीन रीडर हा शब्दही माहीत नव्हता. पण "बघू" असं न म्हणता त्यांनी माझ्याच समोर आयटी विभागाला फोन लावला. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याची सुरुवात केली. ते मराठीही वाचतं. परवानगी यायला तीन आठवडे लागले, बसवायला दहा मिनिटं.

खरी अडचण त्यानंतर कळली. आलेली परिपत्रकं, मूल्यांकन अहवाल, सातबारा, सगळं स्कॅन केलेलं. स्कॅन म्हणजे फोटो, आणि फोटोतलं सॉफ्टवेअर थेट वाचत नाही. त्यावर साहेबांनी आमच्या विभागापुरता नियम काढला: आतल्या आत फिरणारी प्रत्येक टिपणी टाइप केलेलीच असेल. कुरकुर झाली. महिनाभरात मात्र सगळ्यांनाच जुनी टिपणी शोधणं सोपं झालं आणि कुरकुर थांबली.

आज माझ्या हाताखाली सात जण आहेत. मीटिंगमध्ये बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव घ्यायचं, ही एवढीच माझी अट. कागदावरच्या सह्या जुळवून पाहणं आणि रोकड हे माझ्याकडे नाही, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी सोपवलेलं आहे. ताई, तुमच्या साहेबांना हे सांगा. कुठल्याही पदाची सगळी कामं एकटा माणूस करत नसतो. डोळस व्यवस्थापकाला कॉम्प्युटर दुरुस्त करता येत नाही म्हणून कुणी त्याचं पद काढून घेत नाही, माणूस बोलावतात. मग माझी न होणारी दोन कामं दुसऱ्याला देताना माझ्या लायकीचा प्रश्न कुठून येतो?

आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यूपीएससी उत्तीर्ण झाल्या, रेल्वे लेखा सेवेत त्यांचं नाव लागलं आणि दिसत नाही म्हणून तीच सेवा त्यांना नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४वा क्रमांक काढला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून खुर्चीवर बसल्या. ज्या माणसाला हिशेब तपासायला अपात्र ठरवलं, त्याच माणसाने महसुलाचा कारभार पाहिला.

हिंगणा_रोड | १२ मे, रात्री ९:०५

पांढरी_काठी सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "काय करता येईल?" हा प्रश्न मी उद्याच्या डायरीत लिहून ठेवला आहे.

कळमेश्वरचे भाऊ, राग अजिबात नाही. तुमची भीती खरी आहे, म्हणूनच आज मुद्दाम प्रेस शॉपच्या दाराशी अर्धा तास उभी राहिले. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे प्रत्येकाच्या कानात बोळे. कुणी कुणाला ओरडून सांगत नव्हतं. मशीन थांबव म्हणजे मूठ, माल संपला म्हणजे दोन बोटं, क्रेन येते आहे म्हणजे हात वर. आठ तास तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि आपण म्हणतो की न ऐकणारा माणूस तिथे धोक्याचा. फोर्कलिफ्टला निळा दिवा आहे, तो जमिनीवर पडतो आणि त्यावरूनच सगळे बाजूला होतात. हे सगळं ऐकू येणाऱ्यांसाठी केलं होतं.

आगीचा भोंगा मात्र नुसताच भोंगा आहे. तुमचा तेवढा मुद्दा शंभर टक्के बरोबर. कानात बोळे घातलेल्या साठ माणसांना तो आजवर किती ऐकू आला असेल, हे मनात आलं आणि अंगावर काटा आला.

कळमेश्वर_युनिट | १२ मे, रात्री ९:३०

हे बोळ्यांचं माझ्या ध्यानातच नव्हतं आलं. आमच्याकडेही भोंगाच आहे.

बोलके_हात | १३ मे, पहाटे ५:५०

मी कर्णबधिर. वय ३४. बुटीबोरीला काम. माझी पहिली भाषा खुणांची. मराठी मी पुस्तकातून शिकलो, कानातून नाही. म्हणून वाक्य वेगळं वाटेल.

सगळे विचारतात, बहिरा माणूस ऑर्डर कशी देणार. मी विचारतो, ऐकणारा साहेब आम्हाला ऑर्डर कशी देतो? तो बोलतो. बोलता बोलता तोंड फिरवतो. जातो. मी शेजाऱ्याला विचारतो, काय म्हणाले? शेजारी म्हणतो, काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही. घरी पण असंच. लग्नात पण असंच. सगळे हसतात, मी विचारतो काय झालं, काही नाही, नंतर सांगतो.

लोकांना वाटतं आम्ही ओठ वाचतो. थोडं वाचतो. पान, बाण, मान. ओठांवर तिन्ही सारखे. आरशात बोलून बघा. मिशी मोठी असेल तर काहीच नाही. कोविडमध्ये मास्क आला, दोन वर्षं मला कुणी काय बोललं माहीत नाही.

मी माझ्या लाइनवर नवीन मुलांना शिकवतो. ऐकणाऱ्या मुलांना. हाताने करून दाखवतो, मग त्याला करायला लावतो, मी बघतो. बोलणारा शिकवतो तेव्हा मुलगा मान हलवतो, समजलं नसेल तरी. माझ्यासमोर नुसती मान हलवून चालत नाही. करावं लागतं. माझी मुलं कमी चुका करतात. पण कागदावर ट्रेनर म्हणून दुसऱ्याचं नाव.

ताई, त्याला विचारताना चिठ्ठी लिहू नका. दुभाषी घ्या. व्हिडिओ कॉलवर पण मिळतो. मोठी गोष्ट त्याच्या भाषेत विचारा.

महालची_काकू | १३ मे, सकाळी ११:२५

बोलके_हात दादा, तुमचं लिहिणं वाचून मी स्वयंपाक अर्धा ठेवून बसली. तुमची मराठी कोणाहून कमी नाही.

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. चार वर्षांपूर्वी त्याले एका मोठ्या दुकानात पॅकिंगचं काम मिळालं. तिथली मॅनेजर मुलगी वयाने लहान, पण काय समज होती तिले! तिने त्याच्या कामाचे फोटो काढले. पहिला फोटो पिशवी, दुसरा वजन, तिसरा चिकटपट्टी. टेबलासमोर ओळीने लावून दिले. एका वेळी एकच काम सांगायची. कोणी त्याची नक्कल केली तर तिथल्या तिथे थांबवायची. माझं पोरगं स्वतःच्या पगारातून मले दिवाळीले साडी घेऊन आलं. त्याच्या बाबांनी डोळे पुसले, मी पहिल्यांदा पाहिलं.

मग तिची बदली झाली. नवीन साहेब आले, त्यांनी भिंत स्वच्छ दिसावी म्हणून फोटो काढून टाकले. वाईट माणूस नव्हता. त्याले कोणी सांगितलंच नाही की ते कशाचे आहेत. पोराच्या चुका व्हायला लागल्या, रागावणं सुरू झालं, तो सकाळी अंघोळ करायला नाही म्हणायला लागला. दोन महिन्यांत नोकरी गेली.

म्हणून सांगते ताई, तुम्ही चांगल्या आहात हे तुमच्या लिहिण्यावरूनच दिसते. पण उद्या तुमचीही बदली होईल. तुमच्या चांगुलपणावर त्या माणसाची खुर्ची नका ठेवू. जे कराल ते कागदावर करून ठेवा.

कायद्याची_वही | १३ मे, दुपारी ४:१०

काकूंनी जे सांगितलं तेच कायद्यात आहे, म्हणून लिहितो. मी कंपन्यांचं कामगार आणि आस्थापना विषयक काम पाहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. ताईंच्या कामाची कलमं दोन. कलम ३ प्रमाणे नुसत्या दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. वेगळी वागणूक द्यायची तर त्यामागे रास्त हेतू असावा लागतो आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात असावा लागतो. "भोंगा ऐकू येत नाही म्हणून इन्चार्ज नाही" हे त्या कसोटीवर टिकेल का? भोंग्याला दिवा जोडून प्रश्न सुटत असेल तर मला टिकेल असं वाटत नाही.

दुसरं कलम २१. प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधी धोरण तयार करायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. आपल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात कोणती पदं, निवड कशी, प्रशिक्षण आणि बढती कशी, सोयी कोणत्या हे सगळं लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. सव्वाशे माणसांच्या कारखान्याला हे लागू आहे. कळमेश्वरच्या भाऊंच्या बत्तीस माणसांनाही आहे. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख.

पण दंडाची भीती घालून कुणी मनापासून काही करत नाही, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. नेटवरून उतरवलेलं इंग्रजी धोरण सही करून फाइलला लागतं आणि कारखान्यातल्या एकालाही ते माहीत नसतं. ताई, तुम्ही ते मराठीत लिहा, दोन पानांचं. काकूंच्या मुलाच्या भिंतीवरचे फोटो अशा कागदात नोंदलेले असते तर नव्या साहेबांनी काढले नसते.

जाता जाता: चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे, आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा इतरांना २१ हजार असली तरी दिव्यांगांना २५ हजार आहे. तुमच्या चौघांची कपात एकदा तपासा. बऱ्याच ठिकाणी नकळत कापलं जातं.

सेवानिवृत्त_सदर | १३ मे, रात्री ८:४५

मी स्वतः पोलिओग्रस्त, पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावून छत्तीस वर्षं शासकीय नोकरी केली. आमच्या वेळी तीन टक्के आरक्षण होतं, नव्या कायद्याने चार टक्के झालं. पण ते दारातून आत येण्यापुरतं. बढतीची वेळ आली की "दौरे करावे लागतील, तुम्हाला झेपणार नाही" असं मलाच समजावून सांगायचे. मी दौरा करू शकतो की नाही हे मला न विचारता माझ्याबद्दल ठरायचं. इतवारीकरांचा प्रश्न एका ओळीचा आहे, पण माझी अर्धी नोकरी त्यात आली.

पदोन्नतीतल्या आरक्षणाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० च्या जानेवारीत सिद्धराजू प्रकरणात दिव्यांगांच्या बाजूने निकाल लागला. मी तोवर निवृत्त झालो होतो. माझ्यानंतरच्यांना उपयोग होईल, याचं समाधान आहे.

आणि आपल्याला उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला आनंदवन आहे. १९४९ मध्ये बाबा आमटेंनी महारोगी सेवा समिती काढली तेव्हा कुष्ठरोग्याला लोक गावात पाणी देत नव्हते. बाबांनी त्यांच्या हातात कुदळ दिली. बोटं झडलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, इमारती बांधल्या. मी तरुणपणी तिथे गेलो तेव्हा एका कामाची सगळी देखरेख करणारा माणूस मला भेटला, त्याच्या दोन्ही हातांना मिळून तीन बोटं असतील. तो लोकांना कामं वाटून देत होता आणि धडधाकट माणसं त्याचं ऐकत होती. त्या दिवशी बसमध्ये परत येताना मी ठरवलं की साहेबांनी "झेपणार नाही" म्हटलं की आपण गप्प राहायचं नाही.

वर्धा_रोड | १३ मे, रात्री १०:१५

मणक्याच्या दुखापतीमुळे मी व्हीलचेअरवर आहे. एका बॅक ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळतो. नागपूरच्या दिव्यांगांबद्दल बोलताना मे महिन्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. मानेजवळ मणका दुखावला की खालच्या शरीराला नीट घाम येत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना दुपारी घरी जाणं म्हणजे माझ्यासाठी दवाखान्याची पाळी. माझ्या वरिष्ठांनी एप्रिल ते जून माझी वेळ सकाळी सात ते तीन केली, पण तीन हीच तर सगळ्यात वाईट वेळ. मी सांगितल्यावर मग पहिले चार तास ऑफिसात आणि उरलेले घरून असं ठरलं. चांगल्या मनाने केलेली सोयसुद्धा न विचारता केली तर चुकते, एवढंच.

रॅम्पचंही तसंच. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. बहुतेक ठिकाणी पायऱ्यांवर सिमेंट ओतून घसरगुंडी करतात आणि उद्घाटन करतात.

मिहान_नाव_नको | १४ मे, रात्री १:३०

आमचे प्रकार त्या एकवीसात आहेत, पण दिसत नाहीत. मला बायपोलर आहे. नऊ जणांचा टीम लीड आहे. ऑफिसात कुणालाही माहीत नाही. रात्रीच्या गोळ्यांमुळे सकाळी दहाच्या आधी डोकं चालत नाही, म्हणून आठची मीटिंग मी दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळतो. खरं कारण सांगितलं तर टीम काढून घेतील, याची खात्री आहे. हिंगण्याच्या ताई, तुमच्या सव्वाशेमध्ये माझ्यासारखे असतील. तुम्ही त्या भाऊंना इन्चार्ज केलंत की ते बघत असतील.

महालची_काकू | १४ मे, सकाळी ६:४०

बेटा, रात्री दीडला जागू नको. गोळ्या वेळेवर घेत जा.

हिंगणा_रोड | १८ मे, रात्री ९:५०

चार दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडायची वाट बघत होते. आता घडलंय.

शुक्रवारी त्याला विचारलं. बोलके_हात दादांनी सांगितल्याप्रमाणे दुभाषी घेतली, व्हिडिओ कॉलवर. सात वर्षांत आमचं पहिलं खरं बोलणं. आजवर मी चिठ्ठीवर लिहायची, "माल चेक झाला?" आणि तो अंगठा दाखवायचा. यालाच मी आमचं उत्तम जमतं असं समजत होते.

मी विचारलं, तो लगेच "नाही" म्हणाला. मला वाटलं घाबरला. दुभाषी म्हणाली, ते म्हणतात की आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तीन वर्षांपूर्वी सुपरवायझरच्या कोर्ससाठी त्याने अर्ज दिला होता, त्याचं काय झालं? मला आठवेना. शनिवारी फाइल काढली. अर्ज होता, त्यावर तारीख होती, आणि माझीच सही होती, "पाहिले". पुढे काही नाही. सोमवारी त्याच्यासमोर बसून, दुभाषीला मध्ये घेऊन, मी माफी मागितली. तो बराच वेळ टेबलाकडे बघत होता. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याने तयारी केलेली होती.

सकाळची दहा मिनिटांची मीटिंग उभ्याने बोलून होते, ती त्याला फळ्यावर लिहून हवी. फोनऐवजी मेसेज. ऑडिटर येईल त्या दिवशी दुभाषी. कुणीही "नंतर सांगतो" म्हणायचं नाही, तिथल्या तिथे लिहायचं. आणि ज्यावर त्याने सगळ्यात जोर दिला ते म्हणजे लाइन थांबवायचा अधिकार पूर्ण त्याचा. त्याने लाल दिवा लावला की कुणाला विचारल्याशिवाय लाइन थांबेल, आणि तो हिरवा करेपर्यंत सुरू होणार नाही. आधीच्या इन्चार्जला हा अधिकार होता. त्याला भीती आहे की पद देतील आणि हे काढून घेतील. शेवटची ओळ होती, फोटो नको.

हा कागद मी वर नेला. माझं काही न बोलता तोच टेबलावर ठेवला. आमचे डायरेक्टर वाचून म्हणाले की यातल्या फळ्याची आणि मेसेजची गरज आपल्या तिन्ही शिफ्टना आहे. आगीचा विषय मीच काढला: भोंग्याला लखलखणारे दिवे जोडायचे, प्रेस शॉपमध्ये तीन, तपासणीला एक, आणि दोन टॉयलेटमध्येही, कारण तिथे एकटा असलेल्या माणसाला इतरांची धावपळ दिसत नाही. इलेक्ट्रिशियनने सांगितलेली रक्कम आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमी आहे.

मग एकाने सुचवलं, तीन महिने ट्रायल घेऊन बघू. इथे मी अडले. बाकी इन्चार्जना सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ असतो, पत्र पहिल्या दिवशीच मिळतं. यालाही तेच मिळेल, कमी नाही आणि वेगळं नाही. थोडी वादावादी झाली. पत्र आज सही झालं. १ जूनपासून तो चार्ज घेतो आहे, कोर्सलाही नाव गेलंय.

काकू, दोन पानांचं धोरण लिहायला घेतलं आहे. पहिला कच्चा खर्डा आमचे चौघे मिळून करताहेत, मी फक्त टाइप करते. पोलिओ झालेल्या आमच्या सहकाऱ्याने त्यात पहिलीच गोष्ट घातली ती कँटीनच्या पायरीची. अकरा वर्षं तो बाहेर झाडाखाली डबा खातो. आम्हाला वाटायचं त्याला तिथे आवडतं.

बोलके_हात | १८ मे, रात्री १०:३०

लाइन थांबवायचा अधिकार मागितला. बरोबर मागितला. माझा नमस्कार त्याला.

ताई, एक विचारतो. आमच्यात प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं. तुमचं काय आहे, विचारलं का?

कळमेश्वर_युनिट | १९ मे, सकाळी ७:०५

ताई, अभिनंदन. मी माझं म्हणणं पूर्ण सोडलं असं नाही, सहा महिने काय होते ते पाहीन, अन् तुम्ही खरं खरं लिहाल हा विश्वास आहे. पण दिव्यांचं काम मी काल सांगून टाकलं. तुमच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर निरोपात पाठवा. अन् १ जूननंतर एखाद्या दिवशी तुमची लाइन पाहायले येऊ का? माझ्याकडचा पोरगाही सोबत आणतो. तो स्टोअरमध्ये आहे, एक पाय नाही. परवा त्याले पहिल्यांदा विचारलं, तुला काय करता येईल. म्हणाला, मालाची नोंद कॉम्प्युटरवर घेता येईल, मी घरी शिकलो आहे. सहा वर्षं झाली त्याले माझ्याकडे.

हिंगणा_रोड | १९ मे, रात्री ८:२०

भाऊ, नक्की या, त्यालाही आणा. नंबर पाठवला आहे. सहा महिन्यांत जे होईल ते चांगलं-वाईट दोन्ही इथेच लिहीन.

बोलके_हात दादा, आज विचारलं. माझं खुणेचं नाव गेली सात वर्षं आहे म्हणे, लाइनवरच्या ऐकू येणाऱ्या पोरांनासुद्धा माहीत आहे. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं, म्हणजे घड्याळ. मी लाइनवर येते तेव्हा कायम घड्याळ बघत असते, म्हणून.